निवेदिता परत जाणार नव्हती

नवऱ्याचं घर सोडून झाशीला माहेरी आलेल्या निवेदिताला आज नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. बाबांच्या तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून ते फिरायला गेल्यावर तिने चिठ्ठी लिहिली.

'बाबा, वरण झालंय, भात तेवढा लावा. गोळी नाश्त्यानंतर घ्या. मला मऊरानीपूरच्या शाळेत नोकरी लागलीय, तिथेच खोली घेतलीय. रविवारी येईन. कौशिकची समजूत घालायला फोन करू नका. मी परत जाणार नाही. शेजारच्या शुक्लाजींना आता "बिटिया छुट्टी पे आई है" सांगू नका, खरं ते सांगा. तुम्हाला जड जाईल. मलाही गेलं. – निवी'

बस सुटायच्या बेतात असताना बाबांचा फोन आला.

"नव्या खोलीत झोपणार कशावर? ही बस जाऊ दे. गादी घेऊन ऑटोत बसलोय."