अंगठ्याएवढं भोक

११ जानेवारी १९८८, बिरवाडी

गोमाजीशेठचं घर! सगळी घरं सोडून तेच. श्रीपत मिस्त्री म्हणाला, "वायरिंगचं काम हाय, जुने कपडे घाल." मी इस्त्रीचा शर्ट घातला. शेठची पोरगी ललिता मागच्या दारी होती. तिनं पाहिलं की नाही, देव जाणे.

शेठच्या पुतण्यानं दुबईहून कॅमेरा आणलाय. फोटोचा नव्हे. मागच्या दारावर बसवायचा, आणि तिथं जे घडेल ते पुढं हॉलमधल्या टीव्हीत दिसणार. शेठ म्हणाले, "मागं फॅक्टरीची पोरं भाड्यानं राहतात. घरात वयात आलेली पोरगी हाय. डोळा नको?"

त्या डोळ्याची नस मी भिंतीतून नेणार.

१२ जानेवारी

दिवसभर छिन्नी. भिंत जांभ्याची, हातभर जाड. हाताला फोड. सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा दादा म्हणाला होता, "भिंतीवर डोकं आपटत बसशील." आपटतोय.

१३ जानेवारी

भोक पडलं. अंगठ्याएवढं. आधी नुसती तार घालायची, पलीकडं कुणी ती धरायची, मग तिला वायर बांधायची आणि त्यांनी ओढायची. मिस्त्री बाहेर शिडीवर. मी हॉलमध्ये, पलीकडं स्वयंपाकघर. ओरडलो, "धरा हो कुणीतरी."

"धरली."

ललिता!

ती ओढत होती, मी सोडत होतो. हातभर दगडापलीकडचा तिचा हात माझ्या बोटांना कळत होता. असं काही असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मी सोडीचना.

"सोड ना रे. का दगडातून मलाच ओढून घेतोस?"

१४ जानेवारी

संक्रांत. भोकातून कागदाची पुरचुंडी आली. आत हलवा. मागून ललिताचा आवाज, "गोड बोल म्हटलं. सगळ्यांशी."

सगळ्यांशी?

१६ जानेवारी

चित्र आलं.

आमच्याकडे टीव्हीवर मुंबई लागते ती मुंग्यांतून — डोंगर आडवे येतात. आणि आज पडद्यावर शेठचं मागचं अंगण, लख्ख! दोरीवरचं लुगडं हललं. एक कोंबडी चालत गेली. काशीबाईंनी, शेठच्या आईंनी, हात जोडले. कुणी हसलं नाही. मीही जोडले असते.

मग ललिता आली, भांडी घासायला बसली. तिला पत्ताच नाही. जिला पाहायला मी गल्लीत चकरा मारतो तीच ही — आणि मी मान खाली घातली. असं पाहवेना.

निघताना भोकातून सांगितलं, "चालू झालंय. सगळं दिसतं."

"आवाज?"

"आवाज नाही."

"बरं."

२४ जानेवारी

पौष संपला आणि पोलादपूरचे पाहुणे आले, ललिताला पाहायला. टीव्ही लावायला शेठनी मला बोलावलं. आणि मी गेलो!

शेठ पाहुण्यांना म्हणाले, "मागचं समदं इथं बसून दिसतं." लावला. अंगणात ललिता, नवी साडी. कॅमेऱ्याखाली येऊन थांबली. थेट वर पाहिलं. आणि मान हलवली. नाही. सावकाश, पुन्हा एकदा. नाही.

एवढंसं तोंड पडद्यावर, आणि सगळं घर त्याच्यापुढं गप्प.

"बंद कर रे मुरारी."

बटणावर माझा हात होता. केलं नाही.

नवरा मुलगाच उठला, सोबतच्या मामाला म्हणाला, "आम्हाला मुंबईसुद्धा एवढी स्वच्छ दिसत नाय, मामा. चला."

पाय जमिनीवर नाहीत. माझ्यासाठी! भरल्या घरासमोर!

२५ जानेवारी

वायर काढून टाका, शेठचा हुकूम. ओढण्याआधी भोकाला तोंड लावलं. "माझ्यासाठीच ना?"

मग — "अकरावीतून काढलं मला बाबांनी. बाहेरून बारावीला बसायचंय. तुझी पुस्तकं हायत, का विकलीस?"

"आहेत."

"मग आण की."

२६ जानेवारी

पुस्तकं दोरीनं बांधली. भोकातून जाणार नाहीत. पुढच्या दारानं, शेठच्या समोरून न्यावी लागतील.