पत्र्यावरचा लाल ठिपका

ती. वन्सं,

त्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, केर काढला, स्टोव्ह पुसला आणि भांडी घासायला बसले. भांडी संपली तरी बादलीत पाणी उरलं होतं आणि हात थांबत नव्हते, म्हणून यांनी दाराशी रचून ठेवलेले धावफलकाच्या आकड्यांचे पत्रे पुढ्यात ओढले. मोठा सामना होता, पाहुण्यांचा संघ आला होता, चाळीस हजार माणसं दिवसभर त्या आकड्यांकडे बघणार होती. एकेक पत्रा पुढून घासला, मग पालथा करून मागूनही घासला. (कढईचं बूड मी आतल्यापेक्षा जास्त घासते हे तुम्हाला ठाऊक आहे. हिच्या हाती कढई दिली तर वर्षात तिची चाळणी होईल, असं तुम्ही माझ्या लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणाला होतात. ती कढई अजून आहे.)

पण पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. चुकलं. साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, ते लिहा. मी वाचलंय की दोन्हींची कारणं वेगळी असतात. तुमच्या यजमानांचा खोकला थांबला का, आणि ते रेडिओशी बोलतात का? (त्या सामन्यानंतर त्यांनी तीन महिने रेडिओशी अबोला धरला होता, तो पुरता सुटला की नाही हे मला कधी कळलं नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मीच. हे गेल्याला सहा वर्षं झाली तरी लिहिताना हात आपोआप 'आम्ही' लिहितो.

पत्राचं कारण असं की आपलं मैदान बंद झालं. म्हणजे पोरं खेळतील, पण मोठे सामने यापुढे गावाबाहेरच्या नव्या स्टेडियममध्ये. आपल्याकडे काही उरलंही नव्हतं म्हणा. वरच्या सज्ज्याखाली जाळी बांधलीय, ती प्रेक्षकांचा तोल गेला तर म्हणून असं मला वाटायचं, पण ती सज्ज्याचे तुकडे झेलायला आहे. स्टँडखालच्या माझ्या खोलीत तर चौकार गेला की लोक पाय आपटतात आणि वरून चुना पडतो. बाहेर न बघता मला कळायचं, चौकार की षटकार, कारण षटकाराला पातेल्यावर झाकण ठेवावं लागायचं.

नवं स्टेडियम दाखवायला सचिवसाहेबांनी आम्हा सगळ्या कामगारांना बसने नेलं. (हे गेल्यापासून फलक मीच चालवत होते, म्हणून मीही कामगार.) तिथे खुर्ची आपणहून मिटते. मी कोणाला तरी वाट द्यायला उठले, तर तिने माझी पिशवी गिळली. ती सोडवायला वाकले, तर मागच्या खुर्चीवरचा माळी म्हणाला, वहिनी, तिला आधी काहीतरी खायला द्या. दारं कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाहीत, आणि माझं कार्ड पिशवीत होतं. शेवटी तो धावफलक दाखवला, चारमजली इमारतीएवढा पडदा. सगळे पुढून बघत उभे राहिले. मी सवयीने मागे गेले. मागे माणूस उभा राहायला जागाच नाही, वन्सं. नुसत्या वायरी. तिथल्या इंजिनिअरला मी विचारलं, इथे चूक झाली तर कोणाच्या नावावर जाते? तो म्हणाला, सिस्टिमच्या. मी मनात म्हटलं, काय भाग्यवान आहे ही सिस्टिम. तिला बहीण नाही, मेहुणा नाही, आणि गावात तोंड दाखवायचं नाही.

आता मुद्द्यावर येते.

नव्या स्टेडियमात एक संग्रहालय करतायत. त्याच्या बाई मोठ्या सालस आहेत, तरुण आहेत, माझ्याकडे बसून चहा प्यायल्या. त्यांना आपल्या जुन्या फलकातली एकच वस्तू हवी होती: तो पत्रा. कुठला ते तुम्हाला सांगायला नको. भिंतीवर तो लावणार आणि खाली मजकूर. मजकुराचा कागद त्यांनी मला दाखवला, कौतुकाने, की बघा, तुमच्या घराण्याचं नाव आता कायमचं राहणार. मी चष्मा लावून वाचलं. 'सहा की नऊ? धावफलकावरील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हुकलेले शतक.' त्याखाली तुमच्या भावाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि फोटो. फोटोत हे हसतायत. तुम्ही त्या वर्षी आणलेल्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, पुढे पुड्यांचे कागद, मग वर्तमानपत्रं, मग पुस्तकं वाचली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. मजकूर शनिवारी छापायला जाणार होता. येत्या शनिवारी.

त्या दिवशी काय झालं ते तुम्ही लोकांकडून ऐकलंत. माझ्याकडून कधीच नाही, म्हणून सांगते. सहाचा पत्रा उलटा टांगला की नऊ होतो. म्हणून सहा-नऊचे पत्रे एकाच खिळ्यावर असायचे, आणि फलकाच्या आत उभं राहणाऱ्याला फक्त पाठ दिसते. म्हणून यांनी पाठीवर लाल ठिपका काढला होता. ठिपका वर तर सहा, खाली तर नऊ. ते ठिपके मी सकाळी घासून काढले होते. यांनी वर चढल्यावर ते बघितलं, मला काही बोलले नाहीत, चहाच्या सुट्टीत रंग लावू म्हणाले, आणि तोवर प्रत्येक पत्रा फिरवून बघून लावत होते. मदतनीस आला नव्हता. मी डबा घेऊन वर गेले होते आणि थांबले. कामगाराच्या बायकोने फलकात पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. नोकरी जायची, आणि नोकरीबरोबर खोली. चहाला वीस मिनिटं असताना स्कोअररचा फोन आला, शहाण्णव. हे वरच्या फळीवर संघाची धावसंख्या बदलत होते, तिथेही तीन आकडे एकदम फिरले होते. म्हणाले, नऊ आहेच, शेजारी सहा लाव. मी लावला. जसा हाती आला तसा. मला तेव्हा आकडा ओळखता येत नव्हता, ठिपका ओळखता यायचा.

बाहेर नव्व्याण्णव दिसले. फलंदाजाने फलकाकडे बघितलं, एक धाव काढली, हेल्मेट काढलं, बॅट उंच केली आणि जोडीदाराला मिठी मारायला खेळपट्टीच्या मधोमध गेला. चेंडू अजून खेळात होता. पाहुण्यांच्या यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या. धावबाद, सत्त्याण्णव. घरच्या मैदानावर त्याला पुन्हा कधी शतक करता आलं नाही, आणि त्याचं नाव त्या दिवसापासून सत्त्याण्णव पडलं. लोक ते मागून म्हणतात, पण इतक्या मोठ्याने की पुढूनही ऐकू जातं.

चौकशीत हे म्हणाले, नजरचूक, माझी. दोन वर्षं यांना फलकावरून काढून सीमारेषेला चुना मारायला लावलं. मग त्या भट्टीत चढायला दुसरा कोणी तयार होईना, म्हणून परत घेतलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर यांनी लाल रंगाचा डबा उघडला, पत्रे मांडीवर घेतले आणि एकेकावर ठिपका काढत बसले. मी भिंतीला टेकून उभी. शेवटचा पत्रा हातात घेताना म्हणाले, "पुढून चकचकीत झालेत. मागून घासत जाऊ नकोस." त्या विषयावर यांचं माझ्याशी आयुष्यात एवढंच बोलणं झालं.

तर रविवारी, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या दिवशी, खेळ संपल्यावर सचिवसाहेब, संग्रहालयाच्या बाई आणि खुद्द सत्त्याण्णव मला भेटायला फलकात आले. तो पत्रा समारंभाने काढायचा होता. शिडी लोखंडी आहे, वरचं भोक यांच्या मापाचं आहे, आणि सत्त्याण्णव आता यांच्या दुप्पट आहेत. ते कमरेला अडकले. वरून मी हात धरलेला, खालून सचिवसाहेब ढकलतायत, आणि माझ्या डोक्यात एकच, की ते वर आले की मला बोलायचंय. वाटलं, नाही आले तर बरं. आले. धापा टाकत यांच्या स्टुलावर बसले.

मी पत्रा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा मी लावला होता. ह्यांनी नाही."

मग मी सगळं सांगितलं, वर तुम्हाला लिहिलंय तसंच, कढई सोडून. ते पत्रा उलटा, सुलटा, परत उलटा करत होते. शेवटी म्हणाले, "बाई, गेलेल्या नवऱ्याची चूक अंगावर घेणं सोपं असतं. त्याला विचारता येत नाही."

मी म्हटलं, मी खोटं कशाला बोलू.

"एकतीस वर्षं मी एका माणसावर रागावलोय," ते म्हणाले. "आता या वयात तुम्ही मला माणूस बदला म्हणता."

सचिवसाहेब म्हणाले, जुन्या कागदात बाईमाणूस तिथे असल्याची नोंद नाही. (नसणारच. असती तर खोली गेली असती.) संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला हे तेव्हापासून ठाऊक असेल आणि तो येऊन सांगेल, तर शनिवारी छापण्याआधी मजकूर बदलते. तेव्हा सत्त्याण्णव उठता उठता म्हणाले, आणि बदलून काय लिहिणार, बायकोचा निष्काळजीपणा?

"लिहा," मी म्हटलं. "पुढे माझं पूर्ण नाव घाला. मला ते आता वाचता येतं."

ते उतरतानाही अडकले, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

असो. हे लिहिलं ते फक्त मन हलकं करायला. तुमच्याकडून काही नको. गुडघ्याला जपा आणि उत्तराची घाई करू नका.

तुमची धाकटी वहिनी

ता. क. घाई करा. शनिवारी सकाळी अकरा वाजता नव्या स्टेडियमच्या चार नंबरच्या दारापाशी या. या मैदानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही अशी शपथ तुम्ही घेतली होतीत, पण ते मैदान वेगळं, हे वेगळं, शपथ मोडत नाही. तिथे सरकता जिना आहे, गुडघ्याला काही करावं लागत नाही. बसताना पिशवी मांडीवर घ्या.

ता. क. दुसरा. वरचं सगळं तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, हे मला रविवारी त्या शिडीवरून उतरताना कळलं. सामन्यानंतर महिन्याभराने तुम्ही आला होतात. स्टँडखालच्या सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भावाला म्हणालात, डोळे फुटले होते का तुझे. हे खाली मान घालून ऐकत होते, आणि मी तुमच्यावर मनातून चिडले होते, ती गेल्या रविवारपर्यंत. मग आत येऊन तुम्ही माझ्यापुढे पाटी ठेवलीत. म्हणालात, रिकामी बसतेस, गिरव. लोक मुलांना आधी अ काढून देतात. तुम्ही सहा आणि नऊ काढून दिलेत. ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून मला ह्या खोलीत ठेवलंत. एकतीस वर्षं भावाला नावं ठेवलीत ती पुरे झाली, वन्सं. आता शनिवारी येऊन एकदा खरं बोला. मी दारात उभी असेन.

ता. क. तिसरा. एकच पत्रा हवा म्हणणारे संग्रहालयवाले मग राहिलेलेही मंगळवारी न्यायला येणार होते. म्हणून सोमवारी सकाळी मी पाणी भरलं, केर काढला आणि सगळे पत्रे घासले. फक्त पुढून.