परग्रहावरची एकशे दहा नालायक माणसं

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. साखर कारखान्याच्या शेती विभागात सव्वीस वर्षं लोकांना शेती शिकवली. आता रिटायर. मुलगी प्राचीनं पुण्याहून येऊन कॉम्प्युटरवर गेम घालून दिला. परग्रहावर वसाहत करायची. काचेचे घुमट, कारखाने, शेती. मी प्रशासक, हाताखाली एकशे दहा माणसं. म्हणाली, पप्पा, तुमचं मन रमेल. मन रमवायला कोण बसलंय? हे मॅनेजमेंट आहे.

८ जानेवारी, बुधवार.
आधी उद्योग, मग शेती. पाच कारखाने उभे. माणसांना भूक लागली की लाल दिवा लागतो. सारखा लागतो. खाण्यात दोनच पर्याय, बटाटा किंवा शेवाळ. जैनाच्या घरचा प्रशासक असताना परग्रहावर कंदमूळ पिकणार नाही. शेवाळाच्या वड्या चालू केल्या. हिरव्या, बुळबुळीत.
सायंकाळी ५. इस्लामपूर स्टँडवर दोन बटाटेवडे. बाहेरचं खाणं यात धरत नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार.
सोमवारी सांगलीत वडिलांच्या, अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. बायको, भाग्यश्री, सोबत राहणार. नऊ दिवस घर माझ्याकडे. मागं जाळीच्या शेडनेटमध्ये उसाच्या रोपांचे दोनशे ट्रे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अण्णांनी कांडीवरचा एकेक डोळा निवडून लावलाय. सकाळ-संध्याकाळ फॉगरच्या फवाऱ्याचं बटण दाबायचं, दहा मिनिटं पाणी. हे मला तीनदा सांगितलं. बी.एस्सी. अ‍ॅग्रीला! शेजारचा कोंडीबा म्हणाला, मी बघतो. नको म्हटलं. टेक्निकल काम आहे. टायमर बसवणार.

१३ जानेवारी, सोमवार.
ऑपरेशन नीट झालं. सकाळी पाणी दिलं. संध्याकाळी घुमटातला ऑक्सिजन संपत आला. एकशे दहा जीव आधी की ऊस?

१५ जानेवारी, बुधवार.
खिडकीतून शेडनेट पाहिलं. हिरवंगार. पाण्याची घाई नाही. टायमर खोक्यातच. माहितीपत्रक चिनी भाषेत. या देशात कुणाला क्वालिटीची चाड नाही. अण्णांचा फोन आला, रोपं कशी आहेत म्हणून. फर्स्ट क्लास, म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार.
कॉलनीत संप. शेवाळवडी खाणार नाही म्हणतात. एकानं तर काचेवर फेकून मारली, तिथंच चिकटून ओघळत होती. शिसारी आली. लोकांचं समाधान बारा टक्के. पाच कारखाने दिले, त्याचं काही नाही. यांना फक्त गिळायला पाहिजे. उद्यापासून कडक शिस्त. उद्या शेडनेटलाही चक्कर.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.
चक्कर मारली. हिरवी होती ती जाळी. आत सगळं करपलेलं. उद्या अण्णा येणार. फॉगर दोन तास चालू ठेवला. वाळक्या पात्यांवरून पाणी नुसतं निथळत राहिलं. हवामान बदलाकडे आपल्याकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही.

२२ जानेवारी, बुधवार.
अण्णा वॉकर घेऊन उतरले ते घरात न येता थेट शेडनेटकडे. भाग्यश्रीनं दंड धरला होता. त्यांनी एक रोप बोटानं उचललं. मुळासकट वर आलं. खाली ठेवलं, दुसरं उचललं. मी टायमरचं सांगत होतो, चिनी माहितीपत्रकाचं.
अण्णा म्हणाले, “बटण तर दाबायचं हुतं रं.”
तेवढंच. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. भाग्यश्रीनं वाढलं. ताट तसंच सरकवलं. स्वतःचीच थोडी किळस वाटली. थकवा असावा.

२३ जानेवारी, गुरुवार.
कॉलनीत मतदान. एकशे सात विरोधात, तिघे तटस्थ. प्रशासक पदावरून मुक्त. तिघांची नावं लिहून ठेवली आहेत.

२६ जानेवारी, रविवार.
अण्णांना फिरायला बंदी. माझ्या मागं खुर्ची टाकून बसले. मी नवा डाव मांडला. त्यांनी विचारलं, या लोकांना पाणी कुठनं येतं. म्हटलं, ते नंतर, आधी पोलाद. अण्णा म्हणाले, ऊठ.
माऊस कसा धरायचा ते मीच दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा बर्फ वितळवायचा पंप बसवला. मग बटाटा लावला. मी म्हटलं, आवं अण्णा, तुम्ही चातुर्मास पाळता आणि कंदमूळ?
“मी पाळतो. ती उपाशी हायत.”

३१ जानेवारी, शुक्रवार.
अण्णांच्या कॉलनीत समाधान चौऱ्याण्णव टक्के. कारखाना एकच, तोही लहान. कोंडीबानं उसाचं बेणं आणून ट्रे पुन्हा भरले. पाणीही तोच देतो. मी उद्यापासून देतो म्हटलं, तर भाग्यश्रीनं ऐकलंच नाही असं केलं.
सायंकाळी प्राचीचा फोन आला. अण्णांनी घेतला. अर्धा तास ग्रहावरचं बोलणं. दुसरा घुमट कुठं टाकायचा, ते ती त्यांना विचारत होती. अण्णा हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.
बोलणं संपत आलं तसा मी हात पुढं केला. अण्णांनी फोन बंद करून खिशात टाकला.