दुसरी पसंती

सोमवार, श्रीवर्धन

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला. गुरव सर हरले. माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे खेपा घालणारे आमचे सर. पुढची निवडणूक सहा वर्षांनी. सर आत्ताच सत्तरीचे. आणि मी? शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं म्हणून त्यांच्या माणसापुढे १ लिहिला, सरांपुढे २. मनाला समजावलं, दुसरी पसंती हेही मतच. पण तो माणूस पहिल्या पसंतीच्या मतांवरच निवडून आला. माझा २ कुणी पाहिलाच नाही.

संध्याकाळी सरांचा फोन. "बाई, तुमचं मत हक्काचं होतं, बरं वाटलं." मी नुसती "हो" म्हणाले. मग राहवेना. परत फोन लावून सगळं सांगितलं.

"असू दे," सर म्हणाले, "नोकरी सांभाळा."

एवढी लाज मला मत देतानाही वाटली नव्हती.