चेंबर क्रमांक पंधरा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पंधरा नंबरचे चेंबर पुन्हा तुंबले. सप्टेंबरपासूनची ही पाचवी वेळ — आणि पाचही वेळा शुक्रवारीच! दोरोनबेकने आकडा घालून जे ओढून काढले ते मांडीएवढे जाड, पांढरे, मेणासारखे. मेंढीच्या शेपटीची चरबी. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

"आगाय, बघा तुमचे विद्यार्थी काय शिकले ते!"

दोरोनबेक माझाच विद्यार्थी. रसायनशास्त्रात दोनदा नापास. आता तो गटारे साफ करतो, आणि शाळेतली नोकरी सोडल्यापासूनची अकरा वर्षे मी त्याच गटारांतले नमुने तपासतो. आपल्या दोघांत नापास नक्की कोण झाले, असे तो अधूनमधून विचारतो. शाळेतले 'आगाय', म्हणजे गुरुजी, मात्र मला चिकटले ते चिकटलेच.

सार्वजनिक गटारात काय सोडू नये याचे सतरा नियम आहेत. मला ते मनापासून आवडतात — हे कोणाला सांगण्यासारखे नाही, म्हणून इथे लिहितो. प्रत्येक बंदीमागे एक कारण आहे आणि प्रत्येक कारण देखणे आहे. आम्ल नको, कारण ते सिमेंट खाते. पेट्रोल नको, कारण त्याची वाफ बंद नळात ठिणगीची वाट पाहत बसते. लोकर नको, राख नको, कत्तलीचे रक्त नको. आणि चाळीस अंशांहून गरम पाणी नको — हे तर कोणाला पटतच नाही. गरम पाण्याने काय बिघडते? बिघडते ते असे: गरम पाणी चरबीला वितळवून सोबत नेते, पन्नास पावलांवर स्वतः गार होते, आणि तिला तिथेच टाकून पुढे निघून जाते. घरातली मोरी स्वच्छ राहते. रस्त्याखालची वाहिनी मरते.

हे मी सोळा शाळांत आणि नऊ वस्त्यांत सांगितले आहे. काचेच्या नळीत वितळलेली चरबी ओततो, नळी गार पाण्यात धरतो, दहा मिनिटांनी तिच्यात काडी घालून दाखवतो — जात नाही. मग विचारतो: मटण खाल्ल्यावर आपण गार पाणी का पीत नाही? पोटात चरबी थिजेल म्हणून, गरम चहा पितो. पण गटाराला चहा कोण पाजणार? लोक हसतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात आणि कढई मोरीत उलटी करतात.

हे भाषण मी पहिल्यांदा आपासमोर म्हणून पाहिले होते. आपा म्हणजे माझी आई, त्र्याऐंशीची. ती म्हणाली होती, "मग पाज की त्या बिचाऱ्याला चहा! कुबात, लेकरा, इतका कसा रे तू कठोर?" आम्ही दोघेही पोट धरून हसलो होतो.

काल गुरुवार. आपाने नेहमीप्रमाणे चरबीचा तुकडा कढईत तापवला, कणकेच्या छोट्या गोळ्यांचे चार बोरसोक तळले, वडिलांचे नाव घेतले. त्या वासानेच म्हणे गेलेल्यांचे पोट भरते. मला तो वास येत नाही. माझे नाक प्रयोगशाळेतल्या क्लोरीनने कधीच घेऊन टाकले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तुंबले. नियमितपणात तरी हे लोक वाखाणण्याजोगे आहेत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आलेख काढला. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर दर लिटर पाण्यातली चरबी. सप्टेंबरात फक्त शुक्रवारी सकाळी उंचवटा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बुधवारीही. या आठवड्यात चार दिवस. लाल पेन्सिलीने शिखरे रंगवली. इतका स्वच्छ, इतका बोलका आलेख मी आयुष्यात काढलेला नाही!

आता तर्क. गुरुवारी घरोघर चरबी तापते, पण घरात ती चमचाभर. इतकी चरबी म्हणजे धंदा. पंधरा नंबरच्या वर धंदा एकच — बुरुलचाची लगमानची, हाताने ताणलेल्या शेवयांची, खानावळ. गुरुवारी लोक तिच्याकडून मृतांच्या नावाचे बोरसोक शेकड्याने नेतात. बाकीचे दिवस वाढताहेत, म्हणजे गिऱ्हाईक वाढते आहे. नमुन्यात चहाची पाने मिळाली, आणि पाणी कोमट. खानावळच. दुसरे काय असणार?

बुरुलचा माझ्या व्याख्यानाला आली होती. पहिल्या ओळीत. सर्वांत जोरात टाळ्या तिच्याच होत्या!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अधिकृत नमुना घेतला. नियम असा: नमुना मालकाच्या स्वतःच्या वाहिनीवरच्या शेवटच्या चेंबरातून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या कोणाचे पाणी त्यात मिसळलेले नसते. खानावळीचे ते चेंबर चौदा-अ. त्याच्यावर बुरुलचाचा हिवाळ्याचा कोळसा ओतलेला. दोन टन. मी पंधरातून नमुना घेतला.

दोरोनबेक झाकण ढकलत म्हणाला, "आगाय, पंधरात तुमच्या इमारतीचंही पाणी येतं बरं का."

"माझ्या इमारतीत मी राहतो," मी म्हणालो. "तिथे प्रत्येकाला नियम पाठ आहेत."

"मग काय, बोलणंच खुंटलं."

चरबी मर्यादेच्या अकरा पट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विभागप्रमुख एशिमोव यांनी माझ्या अहवालावर न वाचता सही केली. दुपारी आम्ही खानावळीत गेलो. वाहिनीत डाट, म्हणजे मोठे बूच, ठोकायची, वर शिक्का. मोरीशिवाय खानावळ चालत नाही. म्हणजे ती बंद. बुरुलचा कणीक ताणत होती. पिठाचे हात तसेच वर धरून उभी राहिली.

"आगाय, माझी चरबी साबणवाला नेतो. दर शनिवारी येतो. विचारा त्याला."

"मग पंधरा नंबरात येते ती कोणाची?"

तिने हातांवरचे पीठ झटकले.

"कोणाची ते ठाऊक आहे तुला?"

तिने टेबलावरच्या नानवर हात ठेवला. "मी माझ्या मोरीत चमचाभरही ओतलेली नाही. खोटं बोलत असेन तर हे अन्न माझ्या अंगी लागू नये."

"मी विचारलं ते हे नाही, बुरुलचा."

"आगाय, नानवर हात ठेवून माणूस एकच शपथ घेत नाही. आधी घेतलेलीही पाळावी लागते." आणि दोरोनबेककडे वळून, "ठोका काय ठोकायचं ते. जेवून जा मात्र. एवढा लगमान काय आता मी कुत्र्यांना घालू?"

दोरोनबेक जेवला. मी जेवलो नाही. अपराध्याच्या घरचे अन्न आणि तपासनीस — तत्त्वात बसत नाही. ज्याला काही माहीत नसते तो बडबडतो, हे मी तीस वर्षे वर्गात पाहिले आहे. गप्प बसतो तो अपराधी. बाहेर पडताना शाळेतून येणाऱ्या तिच्या दोन मुली भेटल्या. दोघींनी मला वाकून नमस्कार केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आपा विचारते, बुरुलचाचे दार बंद का? सांगितले. ती तळहाताकडे पाहू लागली. मग तिने विचारले, "आज वार कोणता?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चरबी येतेच आहे.

डाट जागेवर, शिक्का शाबूत. खानावळीच्या धुराड्यातून आठ दिवस धूर नाही. आणि पंधरा नंबरात आज दुपारी पुन्हा कोमट पाणी, चहाची पाने, पांढरी साय! थोडी कमी आहे, एवढेच. जुनी चरबी वाहिनीतून सुटत असेल, असे वहीत लिहिले. लिहितानाच ठाऊक होते की जुनी चरबी कोमट नसते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बुरुलचाने कोळसा शेजाऱ्यांना विकून टाकला. बंद खानावळीला कोळसा कशाला हवा? चौदा-अ मोकळे झाले. दोरोनबेकने झाकण उचलले, बॅटरी मारली.

"उतरू का आगाय, की इथूनच पुरे?"

इथूनच पुरे होते. तळाचे सिमेंट दिसत होते. चरबी असती तर कडेला पट्टा राहिला असता. वर्षानुवर्षे जात नाही तो, हे मीच शिकवतो. पट्टा नाही. या वाहिनीत चरबी कधी गेलेलीच नाही.

दोन टन कोळसा. चार माणसे, अर्धा दिवस. तेवढे श्रम वाचवण्यासाठी मी एक नियम सोडला — सतरांपैकीही नव्हे, नमुना कसा घ्यावा याचा, माझा स्वतःचा, रोज दुसऱ्यांना ऐकवायचा. आणि त्याखाली सही केली, वळणदार अक्षरात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा नंबरात दुसरी वाहिनी एकच मिळते. आमच्या इमारतीची.

सकाळी अकराला तळघरात उतरलो. उभे नळ तीन. दोरोनबेक आणि मी खोक्यांवर बसून राहिलो. बारा वाजून दहा मिनिटांनी डावीकडच्या नळात आवाज झाला. मी हात लावला. गरम. चाळीस अंशांच्या कितीतरी वर.

डाव्या नळावर चार घरे. तळमजल्यावर शिंप्याचे बंद दुकान. पहिल्या मजल्यावरचे कुटुंब दोन वर्षे रशियात. दुसऱ्यावरचा एकटा ड्रायव्हर कामावर गेलेला. तिसऱ्यावर —

दोरोनबेकने वही उघडली, बंद केली. "आगाय, काय लिहू?"

मी नळावरचा हात काढून घेतला. त्याने काही लिहिले नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पुरावा पूर्ण हवा, म्हणून आधी बुरुलचाकडे गेलो. हे खरे कारण नव्हे. घरी जाण्याचे धैर्य नव्हते. ती गाठोडी बांधत होती, बिश्केकला, बहिणीकडे.

"आपा तुझ्याकडून चरबी न्यायची?"

"कळलं का शेवटी." ती गाठोड्यावर बसली. "आधी गुरुवारीच यायची, पण एका दिवसात चार-चारदा, आधीचं विसरून. मग एकदा मंगळवारी आली. म्हणाली, मुली, आज गुरुवार ना, शेपटीचा तुकडा दे. मी म्हटलं, आपा, मंगळवार आहे. तर तिथंच उभी राहून रडायला लागली, लहान पोरीसारखी. परत आली तेव्हा मी सुधारलं नाही. आली की म्हणायचे, हो आपा, गुरुवारच आहे."

"आणि ओतायची कशाला?"

"तुम्ही यायच्या आत कढई रिकामी हवी ना! तापवून झाल्यावर तिला कधी कधी आठवायचं की कालही तापवली होती. मग घाबरायची. मी म्हटलं, माझ्याकडं आणून द्या, साबणवाला नेईल. तर म्हणते, नको, वाटेत कुबातने पाहिलं तर? मी वरून चहा ओतते, गटाराला बाधत नाही, कुबातनेच सांगितलंय."

मी सांगितले होते.

"नान मध्ये ठेवून शपथ घेतली तिनं माझ्याकडून. माझं डोकं चाललंय हे माझ्या मुलाला सांगू नको म्हणून. मला लगमान ताणायला तिनंच शिकवलंय, आगाय, साखर कारखान्याच्या खानावळीत. पहिला महिना एकही धागा न तुटता निघाला नाही माझा. एकदा ओरडली नाही."

"पण तुझी खानावळ गेली, बुरुलचा! एक शब्द बोलली असतीस —"

"तुम्हाला वासही आला नाही का हो? एकदाही?"

"मला वास येत नाही."

"हो, ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण वार तर कळतात ना."

आता चरबी कुठून येते तेही तिनेच सांगितले. खानावळ बंद झाल्यापासून आपा बाजारातल्या खाटकाकडे जाते. इतक्या लांब. एकटी. बर्फातून.

१ डिसेंबर, सोमवार

अहवाल मागे घेतला. एशिमोव म्हणाले, "अहो आगाय, राहू द्या ना. चूक कोणाची, या रकान्यात मी काय लिहू?" मी त्यांच्या हातातून पेन घेतले आणि स्वतःचे नाव लिहिले. दोरोनबेकने डाट काढली, शिक्का फोडला. दार मात्र बाहेरून कुलूपबंद. बुरुलचा शनिवारीच गेली. साबणवाला येऊन रिकामा परत गेला, असे शेजारी सांगतात.

बिश्केकला पत्र पाठवले आहे. वाहिनी खुली आहे, दोष माझा होता, परत ये — चार ओळी. व्याख्यान दोन-दोन तास देतो मी. याला पाचवी ओळ जमली नाही.

टेबलावर तो आलेख आहे. आधी एक दिवस, मग दोन, मग चार, मग सातही. मी समजत होतो धंदा वाढतो आहे. लाल पेन्सिलीने मी आईचे विसरणे रंगवत होतो — दिवसागणिक, मिलिग्रॅममध्ये, दशांशापर्यंत अचूक. भिंतीपलीकडे ती होती. मी तिला संध्याकाळी येऊन एवढेच विचारायचो: मोरीत काही टाकले नाहीस ना? ती म्हणायची, नाही रे लेकरा.

४ डिसेंबर, गुरुवार

आज खरोखरच गुरुवार. शेपटीचा चांगला तुकडा घेतला आणि दुपारी बाराला घरी आलो. कामाचा कोट अंगात, नमुन्यांची पेटी हातात. आपा स्वयंपाकघरात होती. मला पाहताच तिने घाईने कढईवर झाकण ठेवले, हात पुसले, आणि परक्या माणसाला द्यावा तसा अदबीने पाट पुढे केला.

"बसा साहेब, चहा घ्या. पण एवढं माझ्या कुबातला सांगू नका हं. तो या बाबतीत फार कडक आहे."

नाही सांगणार, मी म्हणालो.