हातमशीन कोणी आणलं?

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. आईचं विसरणं वाढलंय, पण जेवते नीट. शाळेच्या गणवेशांमुळे मला दुकानात मान वर करायला फुरसत नाही. तरी लिहायला बसले, कारण डोकं तापलंय.

मावसभाऊ तुझं पथनाट्य बघून आला. सांगत होता, त्यात एक शब्दही नाही. तू शिवणाचं हातमशीन घेऊन एकेका दारापुढे थांबतेस, कोणी आत घेत नाही, बघणारे रडतात. वर पत्रकात छापलंय, ‘अभिनेत्रीच्या बालपणातील आठवण’. अगं, धरणासाठी गाव उठलं तेव्हा तू तीन वर्षांची, बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली! मशीन मी आणलं, एकटीने, अकराव्या वर्षी. आता आई शेजारणींना सांगत सुटलीय, माझ्या धाकटीनेच आणलं. तिला न्हाऊ-माखू मी घालते आणि कौतुक तुझं. जळफळाट होतो माझा. झालं समाधान?

उत्तर लगेच दे. लोभ आहेच, सध्या घडी घालून ठेवलाय.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पत्रक दिग्दर्शकबाईंनी लिहिलं, पण चूक सांगायला माझी जीभ उचलली नाही. खरं सांगू? लहानपणापासून मी तुझ्यावर जळते. तू आणि आई ‘त्या घरात’ म्हणून सुरू झालात की मी परकी. खिडकी कुठे होती, कुठली पायरी हलायची, सगळं तुम्हालाच ठाऊक. विचारलं की तू म्हणायचीस, तुला काय कळणार, तू लहान होतीस. मला त्या घरातलं काहीच आठवत नाही गं. म्हणून तुझं उचललं.

शनिवारी दुपारी चारला तुमच्या बाजाराच्या चौकात प्रयोग आहे. आईला घेऊन ये. बघून नको म्हणालीस, तर तो प्रवेश काढून टाकीन.

रागाव हवं तेवढं, फक्त माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शनिवारी घाईत निघालीस, बोलणं राहिलं.

मध्येच घुसायचं माझ्या मनात नव्हतं. पण तू मशीन असं उचललंस, जणू भाजीची पिशवी! मला बसवेना. आईला खुर्चीत सोडून मी रिंगणात आले आणि ते तुझ्या हातून घेतलं. आत यंत्रच नव्हतं, नुसती पेटी. तरी पाठ आपोआप वाकली. दहा पावलं चालायचं, गुडघ्यावर टेकवायचं, हात बदलायचा. लोकांना नाटकातलंच वाटलं. तू शहाणी, लगेच बाजूला झालीस.

आई कधी उठली, मला कळलंच नाही. पेटीची दुसरी बाजू कोणीतरी धरली, बघते तर ती. माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होती. तेव्हा लख्ख आठवलं, त्या दिवशीही तिने असंच धरलं होतं, सगळी वाट. आणि इतकी वर्षं मी छाती काढून ‘एकटीने’ सांगत आले. तिने एकदाही खोडलं नाही.

प्रवेश काढू नकोस. पत्रक तेवढं बदल.

नाटकाला पुन्हा कधी जायचं, असं आई सारखं विचारते, तेही मला तुझ्या नावाने हाक मारून. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या प्रयोगाला आम्ही दोघी येतोय. तालमीची वेळ कळव, आणि त्या पेटीत जरा वजन घाल.

हेव्यासकट लोभ आहे, तोही सांभाळ.

तुझी ताई