कोळशाला हात लावायचा नाही

२ जानेवारी

नवीन डायरी. लेन्सच्या कंपनीने दुकानदारांना फुकट वाटलेली आहे, पण कागद बरा आहे. यंदाचे संकल्प: १) नाण्यांच्या क्लबच्या मार्चमधल्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस. २) रागवायचं नाही. ३) दातवाल्याशी बोलायचं नाही.

दातवाला म्हणजे माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट. क्लबचा अध्यक्ष. गेल्या वर्षी पहिला नंबर त्याच्या नाण्यांचा. कळकट, तपकिरी, गटारातून काढल्यासारखी. आमचा अल्बम तिसरा. एकूण अल्बम तीनच होते, पण मुद्दा तो नाही.

आमचा म्हणजे माझा आणि कन्येचा. वय तेरा. छंद मी लावला. (सौ. म्हणते, कन्येने माझा ड्रॉवर उपसला तेव्हा तिला नाणी सापडली आणि मी ओरडलो. पण ड्रॉवर कुणाचा होता?) पोरगी हुशार आहे, शिस्त नाही. नाणं हातात आलं की आधी उलटं करते. समोर ठेवलेली बाजू नीट बघायची म्हणून नाहीच. लहानपणी बिस्कीटसुद्धा उलटून बघायची. किती वेळा सांगितलं. खोड जात नाही.

५ जानेवारी

एवढी साधी गोष्ट आजवर सुचली कशी नाही. दुकानात चष्मे धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. गिऱ्हाइकाच्या नाकाचा वर्षभराचा मळ दोन मिनिटांत काढतं. अल्बममधली पाच नाणी टाकली, वर थोडं ॲसिड. पाणी चहासारखं झालं. नाणी अशी निघाली की आज सकाळीच पाडलीत.

रात्री जेवताना कन्येच्या ताटाशेजारी मांडून ठेवली. ती काही बोललीच नाही. इतका आनंद झाला. मग उठून बाथरूममध्ये गेली. सौ. म्हणाली, रडतेय. या वयात मुली कशानेही रडतात.

९ जानेवारी

कन्येने मला लेक्चर दिलं. मला. म्हणे नाणी कधी घासायची नसतात. तो काळा थर बसायला शंभर वर्षं लागतात, तो गेला की नाणं मेलं. असं कोण म्हणतं, विचारलं. वरचे डॉक्टरकाका म्हणतात.

म्हणजे जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे दात खरवडून पैसे घेतो, तो मला सांगणार की खरवडू नका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. आणि डोळ्यांचं त्याने मला शिकवू नये.

१६ जानेवारी

युद्ध. कन्येने नाण्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. सख्ख्या बापाविरुद्ध कुलूप. रागावलो नाही. (संकल्प २.) जरा मोठ्याने बोललो इतकंच. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या त्या थंडीमुळे.

कुलपाला बोट लावलं नाही, माझा शब्द म्हणजे शब्द. पण सगळा जन्म चष्म्याचे स्क्रू काढण्यात गेला, तिथे बिजागरीचे स्क्रू म्हणजे काय. दार दुसऱ्या बाजूने उघडलं. डझनभर नाणी दुकानात नेऊन पॉलिश करायच्या बफिंगच्या चाकावर धरली. एका राजाचं नाक थोडं गेलं. आता तरुण दिसतो.

दार परत बसवताना दोन स्क्रू उरले. कपाटं हल्ली निष्काळजीपणे बनवतात.

१७ जानेवारी

कपाटाचं दार कन्येच्या पायावर पडलं. कन्या बोलत नाही. सौ. बोलते. दुप्पट.

१ फेब्रुवारी

विजय. कन्येने शरणागती पत्करली. स्वतः दुकानात आली आणि काउंटरवर कापडी पिशवी ठेवली. आत नाणी. म्हणाली, बाबा, ही घासून द्याल का? आवाज कसा मऊ. कुठून आणली विचारलं तर म्हणाली, मिळाली. जास्त खोदून विचारलं नाही. पोर वळणावर आलेली असताना प्रश्न विचारायचे नसतात.

शेवटी बाप तो बाप.

१० फेब्रुवारी

रोज पिशवी येते. रोज घासतो. बोटं हिरवी झाली आहेत. गिऱ्हाईक ताटकळतं, ताटकळू दे. चष्मा कुठे पळून जात नाही.

कन्येने दाताला तार बसवली आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा वर जावं लागतं. तासन् तास लागतात म्हणे. दात वाकडे असणार, आईच्या घराण्याकडून आलेत. तार मला दिसली नाही, पण हल्ली ती आतल्या बाजूने बसवतात असं सौ. म्हणाली. दातवाला फीसुद्धा घेत नाही. त्याचा डाव मी ओळखला. उद्या फुकट चष्मा मागेल. देणार नाही.

१५ फेब्रुवारी

एकच नाणं कन्या देत नाही. तिने त्याचं नाव कोळसा ठेवलं आहे. जुन्या बाजारात बटणांच्या डब्यात तिला सापडलेलं. नखशिखांत काळं. बाकी सगळी घासा, कोळशाला हात लावायचा नाही, म्हणाली.

आज मात्र स्वतःहून दाखवलं. टेबललॅम्प खाली वाकवला, नाणं तिरपं धरलं. म्हणाली, बाबा, जहाज बघा. शिडं आहेत, आणि शिडावर दोऱ्यासुद्धा. मी बघितलं. काळं होतं. म्हणाली, अजून तिरपं. अजून काळं. म्हणाली, तुम्ही चष्मा लावा ना.

मी चष्मा लावत नाही. नजर घारीची आहे. आणि टकल्या माणसाकडून केसांचं तेल कोण विकत घेईल? तिला सांगितलं, जहाज नाही, हा तुझा भास आहे. तिने लॅम्प बंद केला. माझ्या शेजारी बसली होती, ती उठून गेली. तोवर बरं चाललं होतं. खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

२४ फेब्रुवारी

एक म्हातारे गृहस्थ चष्मा परत घेऊन आले. डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली आहे म्हणे. त्यांना म्हटलं, थोडे दिवस वापरा, सवय होईल. निघून गेले. वयानुसार माणसं चिडखोर होतात.

८ मार्च

उद्या प्रदर्शन. अल्बम तयार. उघडला की डोळे दिपतात. कन्या म्हणाली, मी वेगळं टेबल घेतलंय, लहान मुलांच्या गटात. चालेल. घरात दोन बक्षिसं येतील. सोन्याहून पिवळं.

भाषणाचे मुद्दे: कष्ट, स्वच्छता, संस्कार. दातवाल्याला माफ करायचं की नाही ते व्यासपीठावर ठरवू.

९ मार्च

कन्येला पहिलं बक्षीस. लहानांचं नाही, सगळ्यांतलं.

हॉलमध्ये तिच्या टेबलाभोवती ही गर्दी. मला वाटलं, रक्त बोलतं. पुढे घुसलो. टेबलावर नाण्यांच्या जोड्या. प्रत्येक जोडीत एक कळकट, एक माझं. कळकटाखाली लिहिलेलं ‘आधी’, माझ्याखाली ‘नंतर’. बिननाकाचा राजा मधोमध, त्याच्यावर भिंग. वर मोठ्या अक्षरांत: ‘नाणी कशी मरतात’.

अक्षरं मोठी असूनही मी ती शेवटी वाचली. त्याआधी एका परीक्षकाने विचारलं होतं की ही इतकी घासली कुणी, आणि कन्या म्हणाली, माझ्या बाबांनी, ते काय मागे उभे आहेत. सगळे वळले. मी मान लववून नमस्कार केला. दोन वेळा.

माझा अल्बम चौथा. यंदा चार होते.

१० मार्च

सौ.ला फैलावर घेतलं तेव्हा सगळं बाहेर आलं. जानेवारीतच, कपाटाचं दार पडलं त्याच दिवशी, कन्येने उरलेली खरी नाणी उचलून वर दातवाल्याच्या कपाटात नेऊन ठेवली. तार-बीर काही नाही. दात सरळ आहेत. ती वर जाऊन स्वतःची नाणी बघत बसायची. आणि पिशवीतली नाणी भंगारवाल्याकडून किलोने आणलेली. का, विचारलं. सौ. म्हणाली, तुमच्या हाताला काहीतरी काम लागलंच असतं.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचायला येतंय. माझ्या पोरीला माझ्यापासून नाणी लपवायला दातवाल्याचं कपाट सापडलं.

११ मार्च

संकल्प ३ मोडला. वर जाऊन दातवाल्याला सुनावलं. खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता, त्याच्या देखतच. माझ्या घरची नाणी आत्ताच्या आत्ता काढा, म्हटलं. तोंडावर मास्क लावलेला तो माणूस म्हणतो, नाणी तिची आहेत, ती म्हणेल तेव्हा देईन. आणि वर म्हणतो, तुम्ही एकदा तुमचा नंबर काढून घ्या, राजाचं नाक दिसत नाही म्हणजे काय. पेशंटने त्या उघड्या तोंडानिशी मान हलवली.

कोळसा उगाळावा तितका काळाच. माणसांचं मी म्हणतोय.

घरी येऊन कन्येलाही बोललो. घरभेदी म्हणालो. ते नको होतं कदाचित. पण शब्द बरोबर होता.

१९ मार्च

आठवडाभर घरात मी आणि भिंती. आज कन्या दुकानात आली. लेन्स ठेवायच्या मखमली ट्रेमध्ये कोळसा ठेवला. म्हणाली, मी आणि आई चार दिवस मावशीकडे चाललोय. हे तुमच्याकडे राहू दे. काही करायचं नाही, फक्त सांभाळायचं. आल्यावर हे असंच असेल, तर वरची सगळी नाणी घरी आणते. मग आपण दोघं परत लावू. रविवारी.

मी म्हटलं, त्यात काय. डाव्या हाताचा मळ.

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, बाबा, खरंच हां. आणि गेली. मी डोळे पुसले. दुकानात धूळ फार.

२० मार्च

हात लावला नाही. बघितलंसुद्धा नाही. जेमतेम बघितलं.

रविवारचा बेत ठरवला. टेबल खिडकीशी सरकवायचं. दोन खुर्च्या. मी वाचून दाखवणार, ती लावणार. किंवा उलट. तिला हवं तसं.

२१ मार्च, दुपार

ट्रेवर बोटाचा ठसा. माझा नाही. माझा असला तरी चुकून. नुसता कोरड्या फडक्याने टिपला तर ते घासणं होत नाही. टिपला नाही. लिहून ठेवतो.

२१ मार्च, संध्याकाळ

लॅम्प वाकवून तिरपं धरलं. काळं. तिला दोऱ्या दिसतात आणि मला जहाजही दिसत नाही, असं कसं? समोर शोकेसमध्ये दोनशे चष्मे. एखादा लावून बघायला काय हरकत होती. पण रस्त्यावरून दातवाला बघत असेल.

२२ मार्च

नीट विचार केला. रविवारी ती म्हणेल, बाबा, जहाज दिसलं का? नाही म्हटलं तर पुन्हा उठून जाईल. हो म्हटलं तर खोटं. पोरीशी खोटं बोलायचं नाही, हा नवीन संकल्प. तेव्हा जहाज दिसणं तिच्याच हिताचं आहे. जहाजाच्या जागेवरचा थर किंचित, अगदी किंचित पातळ झाला, तर दोघांनाही दिसेल. यात घासण्याचा हेतू नाही. बघण्याचा आहे.

अर्थात करणार नाही. नुसता विचार.

२३ मार्च, रविवार

कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात. साफ खोटं. पाच मिनिटांत पांढरा झाला.

जहाज नव्हतं. सगळं गुळगुळीत आहे. मी पहिल्यापासून सांगत होतो.

एकच बाजू पुसली आहे. दुसरी अगदी होती तशी, काळीकुट्ट, बोटसुद्धा लावलेलं नाही. ती वर करून ट्रेमध्ये ठेवली आहे. म्हणजे बघायला गेलं तर निम्मा शब्द पाळला.

टेबल खिडकीशी सरकवलं. दोन खुर्च्या मांडल्या. दुकानासमोर रिक्षा थांबली आहे, दोघी सामान काढतायत. कन्या आधी वर दातवाल्याकडे न जाता सरळ इकडेच येतेय.

नाणं उलटं करून बघायची खोड या वयात सुटत असेल.